हुकूमशाह्यांचं निकालपत्रक आणि उत्तनचा व्हिन्सेंट

भाईंदर, मार्च १९३८

रा. रा. परशुरामभाऊ यांस, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

आपला दमा आता बसला असेल. उरणच्या वाचनालयाचे आपण अध्यक्ष झालात, फार आनंद वाटला. सौ. यमुना आपल्याकडे सुखरूप पोचलीच असेल. ती हवापालटासाठी आली आहे. (भांडून आले असं ती म्हणाली असेल, तर तिची बाजू जरूर ऐका; पण आधी माझी.)

गेली दोन वर्षं मी जगातल्या हुकूमशाह्यांचा अभ्यास करतोय, हे आपण जाणताच. राजाची, लष्कराची आणि पक्षाची असे तीन प्रकार पाडले. वर्तमानपत्रं, कोर्टं, निवडणुका असे विषय नेमून, गुण देऊन, प्रत्येक देशाचं निकालपत्रक केलं. (मास्तर माणूस, दुसरं काय करणार?) जर्मनीचा नंबर वरचा की रशियाचा यावर मी जेवताना बोलायचो आणि यमुना "हं" म्हणायची. गावात दरवर्षी होळीनंतर व्याख्यान होतं; यंदाचं मलाच मिळणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. आणि कुठून तो उत्तनचा व्हिन्सेंट उपटला! आगबोटीवर स्वयंपाकी. सोन्याचा दात, फेल्ट हॅट, केसांना कसलंसं विलायती तेल. व्याख्यान त्याला! मी मागच्या बाकावर, मांडीवर निकालपत्रक.

त्याचं मोजमाप ऐका. बंदरात उतरलं की मासळीबाजार गाठायचा आणि कोळणीला विचारायचं, "तुमचा सरकार कसा हाय गो?" तिनं तोंडभर शिव्या दिल्या तर राज्य ठीक. एका खांद्यावरून मागे बघून बोलली तर पोर्तुगालचं लिस्बन. दोन्ही खांद्यांवरून बघून कुजबुजली तर मुसोलिनीचं जिनोआ. आणि टोपली उचलून घरीच गेली तर हिटलरचं हॅम्बुर्ग. झालं! ना गुण, ना रकाने. कुठल्या भाषेत विचारलंस रे बाबा, हेही कुणी विचारलं नाही. लोक हसून हसून लोळत होते.

मला राहवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, कोळणीच्या मानेवरून राज्यशास्त्र ठरत नसतं. तर तो गुळचट हसून म्हणतो, "मास्तर, हितंच करून बघू." आणि बायकांच्या बाजूला वळून थेट आमच्या हिला, "वयनी, घरातला सरकार कसा हाय?" यमुनेनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागली. अख्खी सभा ओरडली, "हॅम्बुर्ग!" आणि ही दारात थांबून, पदर तोंडाला लावून हसतेय! भाऊ, बारा वर्षांच्या संसारात माझ्या एका बोलण्यावर ती अशी हसली नाही. जळलो मी. सरळ सांगतो, जळलो.

घरी येऊन मी एवढंच म्हटलं की तुझी तक्रार असेल तर लेखी दे, मी तपासून सही करतो. (यात रागवण्यासारखं काय होतं?) सकाळी ट्रंक घेऊन निघाली. आता शेजारच्या गोडदेव गावची पोरंसुद्धा मला हॅम्बुर्ग मास्तर म्हणतात.

सासूबाईंना दंडवत, मुलांना गोड पापा.

आपला,
धर्माजी भोईर

ता. क. यमुनेला शनिवारी पाठवून द्यावं. स्वयंपाक मीच करतोय. भात करपला तर ओरडायला घरात कुणी नाही.

ता. क. दुसरा. थांबा, पाठवू नका! व्हिन्सेंटची आगबोट पाडव्यानंतर सुटतेय. तोवर तो मेला इथंच उंडारणार. तिला तिकडेच ठेवा.

ता. क. तिसरा. पाकिटाला खळ लावत होतो, तेवढ्यात व्हिन्सेंटची शेजारीण शांताबाई मासळी घेऊन दारात आली आणि सांगून गेली, की त्याचं पुढचं व्याख्यान उरणला, आपल्याच वाचनालयात, आणि त्याला बोलवा असं सुचवलं आमच्या हिनंच! धन्य आहे. मी येतोय. उठून बोलणार नाही, शंका काढणार नाही. फक्त तिच्या शेजारी माझी एक खुर्ची ठेवा. बायकांत बसावं लागलं तरी बसेन. ती हसते कशी, ते मला एकदा जवळून बघायचंय.