वेट आउटनंतरचे दोन दिवस

आबा,

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी तुमच्या वायरलेस सेटचा अभ्यास करतोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, सांगत होतो तेव्हा कान दिला नाहीस, आता बस कागद चाळत. खरं आहे. दर रविवारी मी माधवनगरला जातो. तिथं एका कापडाच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही तिघं-चौघं लढाईचा खेळ मांडतो. मोठा नकाशा, त्यावर सहा कोनांची घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि फासे. एक सोंगटी म्हणजे एक कंपनी. दुकानाचा मालक माझा कॉलेजपासूनचा मित्र. घरात झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो आणि नकाशावर मात्र अख्खी ब्रिगेड गारद करून निवांत चहा मागवतो. यंदा आम्ही स्वतःचाच खेळ रचतोय, एकाहत्तरच्या हिवाळ्यातला, तुम्ही होता त्या आघाडीचा. वायरलेसचे नियम करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी फौजेतल्या सिग्नलवाल्याचा मुलगा.

मग मी झपाटल्यासारखा मागे लागलो. पाठीवरचा सेट किती मैल ऐकू जायचा, मध्ये टेकडी आली तर काय, थंडीत बॅटरी किती लवकर मान टाकायची, एका नेटवर, म्हणजे एकाच लहरीवर, सात-आठ जण असताना दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय व्हायचं. जुनी पुस्तकं मिळवली, निवृत्त हवालदारांच्या ओट्यावर बसून आलो. सगळं जमलं, एक नियम सोडून. हेडक्वार्टरनं एखाद्या कंपनीला ‘वेट आउट’ सांगितलं, म्हणजे ‘थांबा, मी परत बोलावतो’, तर हेडक्वार्टर परत बोलेपर्यंत ती सोंगटी हलवायची नाही, असं मी लिहिलं. मित्र वैतागला. म्हणाला, “आरं मास्तर, लय कडक झालं हे. एवढा वेळ कोण गप बसतंय? माणूस परत हाक मारतोच की.” मी म्हटलं, “आमच्या घरात न्हाई मारत.” आवाज चढला होता माझा. त्यानं फासे खाली ठेवले.

आमच्या घरात कोणी परत हाक मारत नसे, हे तुमच्यामुळंच. तुम्ही पेन्शनीत आलात त्या वर्षी कुठूनतरी कानाला लावायची दोन जुनी फौजी डबडी आणली आणि स्वयंपाकघरापासून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत उसाच्या बांधानं तार ओढली. त्याच डबड्यात बोलायचं आणि तेच कानाला लावून ऐकायचं. बोलून झालं की ‘ओव्हर’. आक्का चार दिवसांत तरबेज झाली. आई ‘ओव्हर’ म्हणायला लाजायची, ती आपली ‘बोलले गं बाई’ म्हणून मोकळी व्हायची. एका दुपारी आईनं जेवायला हाक मारली आणि मला विहिरीत पोहायचं होतं. मी ऐटीत ‘वेट आउट’ म्हटलं आणि उडी टाकली. तास झाला असेल. तुम्ही शेतातून घरी आलात तेव्हा तव्यावरची भाकरी करपलेली, आई चुलीपुढं उपाशी आणि आक्का डबडं कानाला लावून उभी. तिला तुम्ही विचारलंत, परत हाक का मारली नाहीस? ती म्हणाली, “त्यो येतो म्हणलाय.”

तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर विसरलो असतो. ओल्या चड्डीवर समोर उभं केलंत आणि म्हणालात, “यायचं नव्हतं तर निगेटिव्ह म्हणायचं. निगेटिव्ह म्हणलं तर समोरचा दुसरी वाट काढतो. वेट आउट म्हणलं तर त्यो तुझ्या शब्दावर बसतो. न्हाई म्हणायची लाज वाटती म्हणून थांबा म्हणायचं न्हाई, कळलं?” मग पहिल्यांदाच त्या रात्रीचं सांगितलंत. पुढं गेलेल्या टोळीनं ‘वेट आउट’ म्हटलं आणि गप्प झाली. आपण बोललो तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून तुम्ही बटणाला हात न लावता उजाडेपर्यंत ऐकत बसलात. सकाळी ती माणसं स्वतःच चालत आली, सेट फुटला होता. “तवर मी लघवीलाबी उठलो न्हाई,” म्हणालात, आणि आक्काला एवढं हसू आलं की तिच्या हातातलं डबडं पडलं. त्या वेळची तुमची नोंदवही पुढं तुम्ही तिलाच दिलीत. मला राग आला होता. आता वाटतं, माणूस ओळखला होता तुम्ही.

तुम्ही गेल्यावर जे आलं ते तुम्हाला कसं सांगावं कळत नाही. एक रोग आला आणि सगळा देश घरात बसवला गेला. लढाईत नसेल एवढी शांतता रस्त्यावर. जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या, कऱ्हाडकडून आपल्याकडं यायलासुद्धा पास लागायचा. गावोगाव समित्या झाल्या. आपल्या गावच्या समितीत सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचा मास्तर म्हणून मी. वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि ट्रॅक्टरची आडवी ट्रॉली टाकली होती. सगळ्यात कडक मीच होतो. आक्काचाही मला पाठिंबा. ती साताऱ्यात नर्स, त्याच रोगाच्या वॉर्डात. रोज फोनवर सांगायची, “कुणाची गय करू नकोस. हितं काय चाललंय ते मी बघतीया.”

तो उन्हाळा मला अजून वर्तमानातच दिसतो. सकाळचे नऊ वाजलेत, मी वेशीवर उभा आहे. पुण्याहून मोटारसायकलवर आपल्या भावकीतला एकजण आलाय. त्याचे वडील अर्धांगानं पडलेत. तो वाद घालत नाही. “लांबनं बघू का? दारातनं?” एवढंच विचारतो. मी म्हणतो, “नियम सगळ्यांना एकच.” तो बाटलीतलं पाणी पितो, गाडी वळवतो आणि जातो. मला त्या वेळी वाईट वाटतं, पण अभिमानही वाटतो. मी घरी येतो तर आईला धाप लागलेली. तो रोग नव्हे, तिचं हृदयच थकलं होतं. डॉक्टर बघून गेले. हलवू नका, म्हणाले, दोन-तीन दिवसांच्या वर धरू नका. मी परड्यात जाऊन आक्काला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, “पास माझ्याकडं हाय. दवाखान्याची गाडी कऱ्हाडपर्यंत सोडती, म्होरं बघीन मी. पर मी वॉर्डातनं येणार, गावाला धोका हाय. तुमची कमिटी काय म्हणती ते इचार. न्हाई म्हणली तर न्हाई. मी फोनवर बोलते तिच्यासंगं.” बघा आबा, तिनं दोन्ही वाटा माझ्यापुढं ठेवल्या होत्या. मी म्हटलं, “वेट आउट. विचारून सांगतो.” लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द. ती पलीकडून “रॉजर” म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी वेशीवर गेलो. सरपंच ट्रॉलीवर बसले होते. “मास्तर, आईचं कसं हाय?” म्हणाले. एवढं दार उघडून दिलं होतं माणसानं. सकाळी मोटारसायकल परत लावणारा मी, संध्याकाळी कोणत्या तोंडानं माझ्या बहिणीसाठी वाट मागू? तीही त्या वॉर्डातली. गाव काय म्हणेल, मास्तरचा नियम दुसऱ्यासाठी. मी म्हटलं, “बरी हाय.” मग पाण्याच्या टँकरचं बोललो. घरी आलो तर आई शुद्धीवर होती. “आक्का कवा यायची?” “येतीया. विचारलंय.” बायकोनं विचारलं, वन्संना कळवलंत का? म्हटलं, बोललोय मी. दुसऱ्या दिवशी आईचं बोलणं तुटक झालं, दुपारनंतर थांबलं. मी चार वेळा फोन हातात घेतला. हो म्हणायचं तर विचारायला हवं होतं, नाही म्हणायचं तर माझं मलाच म्हणावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी उजाडताना आई गेली. तेव्हा मात्र मी आक्काला फोन लावला.

आक्का आली. थेट मळ्यातल्या त्या जागेवर, जिथं तुम्हालाही अग्नी दिला होता. तोंड झाकलेलं, वीस पावलांवर उभी राहिली, पुढं आली नाही. तिथूनच हात जोडले आणि घरी पाय न टाकता ड्यूटीवर परत गेली. तिची गाडी वळल्यावर सरपंच माझ्याजवळ आले. “आवं मास्तर, काल बोलला असता तर शाळंच्या खोलीत ठेवली असती की आक्काला. अंगभर त्यो डरेस घालून आईला बघितलं असतं तिनं. कोण न्हाई म्हणलं असतं?” मी मान हलवली. चितेकडं बघत नव्हतो, त्यांच्या चपलांकडं बघत होतो. पुढं गावात आणि नात्यात असंच धरलं गेलं की कमिटीचं एकमत झालं नाही. मी ते कधी सांगितलं नाही आणि कधी खोडलंही नाही.

गेल्या महिन्यात या खेळापायी मला तुमची नोंदवही हवी झाली, म्हणून साताऱ्याला गेलो. आक्कानं स्वेच्छानिवृत्ती घेतलीय. माझ्याशी बोलते, सणाला बोलावते, सगळं रीतसर. चहा झाला आणि कसं कोण जाणे, लॉकडाऊनवर विषय गेला. मीच पेटलो. म्हटलं, सगळा मूर्खपणा होता, माणसं घरात कोंडली, धंदे बसले, आई-बापांना मुलं भेटली नाहीत, काय मिळवलं? ती शांतपणे म्हणाली, “मी वॉर्डात व्हते. गर्दी झाली असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक हाय. काही नियम चुकले असतील, पर बंद करणं बरोबर व्हतं.” मी आणखी चढलो. त्या उन्हाळ्यात लोकांना वेशीवरून परत पाठवणारा मी आता त्याच वेशीला शिव्या देत होतो, आणि का ते मला बोलता बोलताच कळत होतं. नियमच चुकीचा ठरला तर मी सुटतो. तिनं माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, “नियमाचं सोड. न्हाई म्हणाला असतास तरी चाललं असतं रं. पयल्या दिशी आई शुद्धीवर व्हती. कानाला फोन लावला असतास तर चार शब्द बोलले असते. मी समजले, भेटायलाच जायचंय, मग फोनवर कशाला रडवायचं म्हातारीला.”

ती आत जाऊन वही घेऊन आली. तुमचं बारीक, उजवीकडं कललेलं अक्षर. त्या रात्रीचं पान सापडलं: टोळीचं ‘वेट आउट’, वेळ, आणि त्याखाली दर अर्ध्या तासाला एकच शब्द, ‘ऐकतोय’. मी सवयीनं शेवटचं पान उलटलं. तिथं आक्काचं अक्षर होतं, पेशंटचा तक्ता भरतात तसं सरळ. सकाळी अकरा, वेट आउट. दुपारी दोन, काही नाही. सहा, काही नाही. बॅग भरली. ड्यूटी बदलून घेतली. फोन चार्ज. दुसरा दिवस, सकाळी सहा, काही नाही. पुढं पान भरत खाली गेलं होतं. मी वाचतोय हे ती बघत होती. वही तिनं मुद्दाम दिली की ते पान ती विसरली होती, मला सांगता येत नाही. “शेवटी कमिटी काय म्हणली व्हती?” तिनं विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, “मतं फुटली. दोन दिवस वाद चालला. तुला कळवायला काही हाती नव्हतं.” ती “बरं” म्हणाली आणि कपबशा उचलल्या.

वही माझ्याकडं आहे. मित्राचा परवा फोन आला, नियम सैल केला का विचारायला. म्हटलं, नाही, तसाच राहू दे, आणि त्यात भर घालायचीय: जो वेट आउट म्हणून परत बोलत नाही, त्याच्या बाजूचा डाव तिथंच संपला. तो म्हणाला, असला खेळ कोण खेळणार गड्या? त्याचंही बरोबर आहे. उद्या ही वही परत करायला मला साताऱ्याला जायचंय आणि काय बोलायचं ते ठरवायला म्हणून दुपारपासून लिहायला बसलोय.

आबा, हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं सांगून थांबतो. वर पहिल्या ओळीत खाडाखोड आहे. तिथं मी आधी ‘आक्का’ लिहिलं होतं आणि त्यापुढं एकच वाक्य लिहायचं होतं, की कमिटीला मी विचारलंच नव्हतं. ते लिहवेना. मग तो शब्द खोडून तुम्हाला हाक मारली, कारण तुमच्याकडून उत्तर यायचं नाही.