दाताचं दुखणं नव्हतं, आई

आई, तुझे दात बहुतेक चांगलेच होते. हे मला मागच्या सोमवारी नगरच्या दवाखान्यात कळलं, आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

पावसाळ्यात माझ्या बरगडीवर नागीण उठली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. ब्लाउजचा काठ घासला तरी चटका बसतो, पंख्याचा वारासुद्धा नको होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ऑफिसात कुणाला सांगायचाही कंटाळा येतो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जखम भरली, पण नस दुखावलीय. काही होत नसतानाही ती मेंदूला दुखतंय म्हणून कळवत राहते. ही गोळी फिट येणाऱ्यांनाही देतात, ती नसेला शांत करते. सुस्ती येईल, हळूहळू डोस वाढवू. पूर्ण थांबेलच असं नाही, पण दिवस सोपे जातील." वाऱ्याचं बोलता बोलता तू आठवलीस आणि मी त्यांना तुझं सांगत सुटले.

भर उन्हाळ्यात, वारा लागू नये म्हणून गालावरून टॉवेल गुंडाळून तू भाकरी थापते आहेस. मधेच हात थांबतो, डोळे घट्ट मिटतात, तव्यावरची भाकरी करपते. एकदा मी मागून येऊन तुझ्या गालाला गाल लावला, तर तू किंचाळलीस आणि मला ढकलून दिलंस. मग लगेच जवळ ओढलंस. "तुझ्यावर न्हाई गं वरडले. गालात कुनीतरी तापली सुई खुपसतंय बघ." बाबा तुला तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचे. दाढ काढली की थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा कळ सुरू. "ही नव्हतीच, तिच्या शेजारची आसंल," असं तूच म्हणायचीस आणि परत जायचीस. त्या बाजूला काढायला काही उरलं नाही तेव्हा अर्ध्या तोंडाने हसून म्हणालीस, "दाढा गेल्या, दुखनं ऱ्हायलं." पुढे तू गेलीस ती तापाने, पण कळ शेवटपर्यंत होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. एकाच बाजूला दुखायचं का? तोंड धुताना, बोलताना, घास चावताना? सगळ्याला मी हो म्हणत गेले. "न तपासता ठाम सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं वाटतं. दातांचं नसावं."

"तेव्हा त्यावर औषध होतं?"

"होतं. गोळी होती."

बाहेर आले आणि रिक्षा न करता नुसती चालत राहिले. रागवायचं तरी कुणावर? बोट ठेवून दाढ तूच दाखवायचीस, डॉक्टर काढायचे, आणि बाबा बाहेर बाकावर तुझी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. तुझ्यासाठी जमेल ते सगळं केलं, एवढ्या एका समाधानावर ते आता गावी एकटे राहतात. काल फोनवर त्यांनी विचारलं, "काय म्हनली डाक्टरीन?" नसेचं आहे, गोळ्या दिल्यात, एवढंच सांगितलं. तुझ्या दाढांचं काही बोलले नाही, बोलणारही नाही. हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं, म्हणून तुला लिहिते आहे.

"फरक हाय ना पन?" त्यांनी विचारलं.

"खूप आहे," मी म्हणाले.

तितका नाहीये गं, आई.