रक्तात नव्हता, गाठीत होता

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातच बोलत आले. आज कागदावर लिहितेय, कारण सकाळी सांगलीला जाऊन मानेतली एक गाठ, सगळ्यांच्याच अंगात असतात त्यातली, काढून दिली. घाबरू नका! मला काही झालेलं नाही. संशोधनासाठी दिली. सोबत चार नळ्या रक्तही. आपल्यासारख्यांच्या अंगात एचआयव्ही कुठं आणि किती उरतो, ते मोजतायत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू असल्या की विषाणू रक्तात सापडत नाही. पण गाठींत, आतड्यांत तो निजून राहतो. किती राहतो ते कळल्याशिवाय त्याला कायमचा काढायचं औषध शोधायचं कसं? तुम्हाला मात्र यातून फायदा काही नाही, मावशी."

"घ्या," म्हटलं.

आठवतंय, शिराळ्याच्या घरी तुम्ही रिपोर्ट घेऊन कसे आला होता? "सुमे, रक्तात न्हाई गावला! सुटलो आपण!" किती वर्षांनी हसलात! रानातल्या सगळ्या गड्यांना चहा पाजलात, कारण मात्र कुणाला सांगितलं नाहीत.

आणि मग गोळ्या सोडल्या. मलाही न सांगता. का हो? मी जेवून माझी गोळी घ्यायची, तुम्हाला विचारायची, तुम्ही "घेतली की" म्हणायचा.

पण चूक तुमच्या एकट्याची नाही. ज्वारीच्या डब्यामागं तुमची गोळ्यांनी भरलेली बाटली मला दिसली होती. तोंडाशी आलेलं गिळलं. तुम्ही खुशीत होता. वाटलं, खरंच बरे झाले असतील तर? वर्षभर मी गप्प बसले! मग तुम्हाला क्षयाचा खोकला धरला, तेव्हा कुठं मी म्हणाले, "आवं, गोळ्या घेताय न्हवं?"

भिंतीकडं तोंड करून तुम्ही म्हणालात, "चुकलं गं माझं."

पुन्हा सुरू केल्या, पण शरीरात ताकद उरलीच नव्हती.

गावाला मी अजून "खोकल्यानं गेले" एवढंच सांगते. ते आता बास. दवाखान्यातून जो कोणी तसला रिपोर्ट घेऊन हसत बाहेर येईल, त्याला बाकावर बसवून आपलं सगळं सांगीन, माझ्या गप्प बसण्यासकट. लग्नातला उखाणा सोडला तर तुमचं नाव मी कधी ओठांवर आणलं नाही. आता तुमचं नाव घेऊन सांगीन. रागवू नका.

तुमचीच,
सुमन