तीन नंबरची खोली रिकामी करण्याबाबत

योग्यकर्ता, मंगळवार

तीर्थरूप सुमिराताई,

गुडघ्यावर डोकं टेकवून केलेला नमस्कार पत्रातून मेदानपर्यंत पोहोचत असेल, तर पोहोचावा. तुमची साखर ताब्यात आहे आणि दाजी पथ्य पाळताहेत, असं मी धरून चालतो. (पाळत नसतील तर कळवू नका, मला काळजी करावी लागेल.)

तुम्ही मागच्या अंगणात भाड्यासाठी चार खोल्या बांधताय आणि धाकट्या भावाचा सल्ला विचारलात, हा तुमचा मोठेपणा. तर भिंती जाड घ्या, पाण्याची टाकी भाडेकरूच्या छतावर ठेवा (गळली की आधी तोच सांगतो) आणि कागदावर मुदत लिहा. मी लिहिली नाही. आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणार कधी असं विचारायचं, हे मला जमलं नाही. त्यामुळे तीन नंबरमध्ये वोंदोकाका अकरा वर्षं आहेत. निवृत्त पोस्टमन, मागेपुढे एक पुतण्या, पिंजऱ्यात एक होला.

आता आमची लारस. जावई गेल्यापासून पोर सुराबायात एकटी आहे आणि तिला सातवा लागलाय. तिला घरी आणायचं तर आमच्या स्वयंपाकघराला लागून, स्वतंत्र न्हाणी असलेली खोली तीन नंबरचीच. म्हणजे काकांनी निघायला हवं. हे तोंडावर कसं सांगणार? मी एका सकाळी म्हटलं, "काका, खोलीचं आता वय झालं, तुम्हाला त्रास होत असेल." काका म्हणाले, "खरंय हो, लक्षच द्यायला हवं." आणि आठवड्यात शिडी लावून स्वतः फिकट पिवळा रंग मारला. बहात्तराव्या वर्षी. शिडी मी धरली होती. मग हिने ताटभर फणसाचं गुदेग देऊन सुचवलं, की क्लातेनच्या पुतण्याला तुमची फार आठवण येत असेल. काकांनी पुतण्यालाच बोलावून घेतलं. तो तीन दिवस जेवला आणि न्हाणीत धरून उठायला लोखंडी दांडा बसवून गेला. (मी हिला म्हटलं, झालं, आता शंभरी इथंच.)

काल लारसचा फोन आला. "बाबा, खोली झाली का?" मी म्हटलं, "रंग झालाय." फोन ठेवल्यावर मला रडू आलं, ताई.

बाकी पत्राला कारण काही नाही, सहज लिहिलं.

तुमचा धाकटा,
विर्यो

ता. क. कारण आहे. तीस वर्षं मेदानच्या रोखठोक माणसांत राहून तुम्हाला तोंडावर बोलायची सवय झालीय (कौतुकानं म्हणतो). या आणि काकांना एका वाक्यात जायला सांगा.

ता. क. दुसरा. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. काल वोंदोकाका आले होते. तासभर हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "तीन नंबरला सकाळचं ऊन येतं, बाळाला चांगलं. रंगही डोळ्याला थंड. आणि उठताबसता पोरीला तो दांडा हवाच." चहा संपवून पुढे म्हणाले, "तुमच्या अडगळीच्या खोलीत गारवा असतो. मला आणि होल्याला पुष्कळ झालं." संध्याकाळपर्यंत गादी, पिंजरा तिकडे गेलासुद्धा. म्हणजे माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं. मला लाज वाटते.

तरी तुम्ही याच. अडगळीत राहायचं नाही, आमची पुढची बैठकीची खोली घ्यायची, हे त्यांना तोंडावर सांगायला हवं. मी आज सकाळी एवढंच म्हटलं, की काका, तिथे अंधार फार आहे. ते खिडकी पाडायला सुतार बोलवायला गेलेत.