जिन्यातला बल्ब

दादा,

आई पहाटे अंधारात जिन्यावरून पडली. मनगट मोडलंय बहुतेक, दवाखान्यात नेते आहे. तुला उठवलं नाही. रात्रभर गच्चीवर दुर्बिणीतून दीर्घिकेचे फोटो काढून दमला असशील. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड टिपायचा, म्हणून तू जिन्यातला बल्ब काढतोस आणि परत लावायला विसरतोस. फोटोत येतो काय, तर पुसट डाग. तसले डाग मी ओट्यावरून रोज फडक्याने पुसते.

चप्पल सटकली, असं आई डॉक्टरांना सांगणार आहे. लेकाची अब्रू आहे ना. मी गप्प बसेन. खरं काय ते तू येऊन सांग.

बल्ब मी लावलाय. दुर्बिणीच्या पेटीत मऊ कापडात गुंडाळलेला सापडला. फुटू नये म्हणून केवढी ती काळजी.