दुसरी थैली मोहन नगरची

अहो सोनूचे बाबा,

तुम्ही गेल्यावरचा हा चौथा महिना चालू आहे, अन् आज मी स्वतःच्या हातानं रोहू मासा आणला. कोणाले सांगू? सोनूले सांगितलं तर म्हणंल, "मम्मी, तुमको हुआ क्या है?" तेच तर मले समजून नाही राहिलं!

जन्मात मासा तोंडात घातला नाही मी. तुम्ही मागच्या अंगणात स्टोव्हवर तळत, तव्हा मी नाकाले पदर लावून बाजूच्या खोलीत बसत होती. मग आज भाजी घ्यायले गेली अन् पाय मासेवाल्या फुलबाईपाशी कावून थांबले?

तिनं माशाचा कल्ला उघडून लाल रंग दाखवला, बोटानं मांस दाबून दाखवलं. "खड्डा नहीं पड़ा ना? ताज़ा है." अन् मग म्हणते, "दीदी, साहब जैसा ही दो थैली करूँ? एक घर की, एक मोहन नगर की?"

"मोहन नगर में कौन?"

"उनके बड़े भैया! साहब हर इतवार ले जाते थे. बोलते थे, भैया के दाँत नहीं हैं, पेटी का पीस देना, पेट वाला, नरम."

रविवारी क्लबात पत्ते खेळायले जातो म्हणत होते ना तुम्ही? भाऊजींनी सोनूच्या लग्नात माह्या बाबांले भर मांडवात बोल लावले, तवापासून त्या घराशी आपलं बंद. शपथ मी घातली होती, अन् तुम्ही मान हलवली होती. इतकी वर्षं खोटं! मले राग आला का लाज वाटली, अजून ठरवता नाही येऊन राहिलं.

घरी आणून धुतला, पुसला, हळद लावून डब्यात बंद केला अन् फ्रीजात ठेवला. दुपारपर्यंत चार वेळा दार उघडून पाहिलं. फेकू का? फुलबाईले वापस देऊ? शेवटी तवा ठेवला. पहिला तुकडा घाईत उलटवला, तुटला. तुम्ही स्वतःशीच बोलत, "हलवू नको, तो आपोआप तवा सोडते." नाक दाबून का होईना, ऐकत होती मी! दुसरा नीट निघाला.

डबा घेऊन ऑटोनं मोहन नगरले गेली. भाऊजींनी दार उघडलं. किती वाळले हो ते! तुम्ही सांगितलं कावून नाही?

"सुमन? तू?"

मी डबा पुढं केला. ते पाटावर बसले, एक घास घेतला, थांबले.

"मीठ टाकलंच नाही तू."

चाखून कोण पाहणार होतं? मले हसू आलं अन् त्याच्यातच रडू. भाऊजी उठून मीठ घेऊन आले, वरून भुरभुरवलं अन् सगळं खाल्लं. मी निघताना एवढंच म्हणाले, "तो बसत होता माह्यापाशी. जेवण होईपर्यंत."

मी बसली नव्हती. दारातच उभी होती.

त्यांले माफ केलं का, विचारू नका. मलेच माहीत नाही. पण शब्द देते, येत्या रविवारी पेटीचा पीस घेऊन जाईन, अन् त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत बसीन.

तुमच्यावर रुसलेली, तुमचीच
सुमन