सेत्तिमो म्हणजे सातवा

१२ जानेवारी
शेजारची ब्रूना हॉस्पिटलमधून घरी आली. हातपाय ठीक. पण स्ट्रोकमध्ये इंग्रजी गेलं — सगळंच! उरलंय ते लहानपणचं इटालियन. तिची मुलगी कार्ला ड्राइव्हवेवर रडत होती. "शी डझन्ट अंडरस्टँड मी, शैला." कार्ला इथेच, अमेरिकेत, ट्रॉयमध्ये वाढली, तिला इटालियन येत नाही. मला आमचा मुलगा अक्षत आठवला, त्याचंही मराठी मोडकंतोडकंच.

१५ जानेवारी
दुपारी ब्रूनाकडे गेले. इतक्या वर्षांचा शेजार, आणि आज बोलायला शब्द नाही. "हाऊ आर यू?" म्हटलं तर तोंड फिरवलं तिनं. मग सहज निघून गेलं तोंडून — "बरं वाटतंय का गं?" चटकन वळून बघितलं! तिला आता इंग्रजी काय नि मराठी काय, सारखंच. मग मराठीतच बोलत बसले. भाजी काय केली, बर्फ किती पडला. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. रवी, माझा नवरा, गेल्यापासून कुणाशी एवढं मराठी बोलले नव्हते.

१६ जानेवारी
आजही गेले.

२३ जानेवारी
ती सारखं "सेत्तिमो, सेत्तिमो" म्हणते. कार्लाला फोन केला. "ओह, दॅट्स हर टाउन. निअर तुरीन, इन इटली."
संध्याकाळी नेटवर वाचत बसले. सेत्तिमो म्हणजे सातवा. रोमन लोकांच्या रस्त्यावर तुरीनपासून सातव्या मैलाचा दगड होता, त्यावरून गावाचं नाव. म्हणजे गावाला स्वतःचं नाव असं नाहीच — शहरापासून किती लांब, एवढंच! वाईट वाटलं. मग वाटलं, माझं तरी वेगळं काय आहे? कोणी विचारलं तर मी अजून सांगते, "साताऱ्याची. पुण्याच्या पुढे."

२ फेब्रुवारी
तिला तिच्या गावाचा इतिहास वाचून दाखवला. इटालियनमध्ये! अर्थ आधी इंग्रजीत बघून ठेवला होता. लिहिलंय तसं वाचायचं, आपल्यासारखंच. चुकलं की ती हसून सुधारते. किल्ल्याचा उरलेला बुरूज. पेनांचे कारखाने. मग धोबिणींचं आलं — अख्ख्या तुरीनचे कपडे धुवायला सेत्तिमोत यायचे. ब्रूना एकदम थांबली. मांडीवरचा टॉवेल घेतला, दोन्ही हातांनी घासला, पिळला, झटकला. "मम्मा," म्हणाली. नंतर स्वतःचे तळवे पालथे-उताणे करून बघत राहिली. मी ते हातात घेतले. गार होते.
मग मीही सांगितलं. आमच्या किल्ल्याला सतरा बुरूज, म्हणून सातारा म्हणायचे आमचे आजोबा. आजी म्हणायची, छे, सात डोंगर! दोघांचं यावरून भांडण व्हायचं. ब्रूनानं सगळं मन लावून ऐकलं. काय कळलं असेल?

१४ फेब्रुवारी
अक्षतचा त्याच्या गावाहून, हर्नडनहून, फोन. त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझी खोली तयार झालीय, आता इथलं घर विकून तिकडेच ये म्हणतो. "बी प्रॅक्टिकल, आई. तिथे कोण आहे तुझं?"
हो म्हटलं. सोमवारी घर विकून देणारा रिअल्टर येईल.

१५ फेब्रुवारी
ब्रूनाला सांगितलं. मराठीतच — तिला कळणार नाही म्हणूनच सांगता आलं. की मी जातेय. की मला जायचं नाही. अक्षत गुणी आहे, पण तिकडे दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी नसेल. बोलता बोलता रडू आलं. तिनं माझ्या स्वेटरची बाही धरून ठेवली. निघताना सोडवावी लागली.

१७ फेब्रुवारी
कार्लाचा सकाळीच फोन — ब्रूनाचं इंग्रजी परत येतंय! धावत गेले. "ब्रूना! हाऊ आर यू फीलिंग?" तिनं जोरात मान हलवली. शब्द शोधत शोधत म्हणाली, "नो. नो इंग्लिश. यू... टॉक सातारा."
रिअल्टरला कॅन्सल केलं. अक्षतला सांगितलं, आहे माझं इथे कोणीतरी.